चित्राखालची ओळ

साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर लाल पटका ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, जरा दात दाखवा. चित्रातल्यासारखे."

मी दाखवले.

लोक हसले. फोटो काढले. माझ्या मागं भिंतीवर ते चित्र. पूर्वी सिगारेटच्या पाकिटात जाहिरातीची कार्डं घालायचे, त्यातलं एक. काळा हमाल, डोक्यावर पोतं, डोळे बटाट्याएवढे, दात बाहेर. खाली इंग्रजीत एक ओळ. साहेब असली कार्डं जमवतात. हेब्बाळच्या त्यांच्या घरात मांडली होती. चौकटी माझ्या हातच्या. यशवंतपुरात माझं फ्रेमचं दुकान आहे.

इंग्रजी मला येत नाही. चौथीतच शाळा सुटली. ओळ दिसली पाहिजे, असं साहेब म्हणाले, म्हणून चित्राभोवतीचा पुठ्ठा एक बोट खालपर्यंत कापला. सोनेरी पट्टी लावली. काच दोनदा पुसली.

वर माझा तो फोटो आणून दुकानात टांगला. मिरवला.

बायकोनं, तारानं, विचारलं, मागच्या चित्राखाली काय लिहिलंय? म्हटलं, असेल त्याचं नाव. ती बघत राहिली. मग म्हणाली, "मामंजी असंच पोतं उचलायचे." माझा बाप इथल्याच बाजारात हमाल होता. मला तो त्या चित्रात दिसलाच नव्हता.

तारा जाऊन चार महिने झाले. परवा साहेब नवं कार्ड घेऊन आले. टोपलीवाली बाई. चित्राशेजारी टांगायला त्यांना खरं लुगडं पाहिजे होतं.

"तुमच्या मिसेसचं असेल ना? आता पडूनच असेल."

मुलगी डबा घेऊन आली होती. तिला म्हटलं, खालची ओळ वाच. तिनं वाचून मराठीत सांगितली: बाई स्वस्त, बैलापेक्षा कमी खाते.

मग भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बोट केलं. ती डबा सोडायला लागली. पुन्हा म्हटलं, वाच.

"दख्खनी हमाल. ओझं कितीही उचलेल, डोकं रिकामं."

मग खाली बघत म्हणाली, "आईनं माझ्याकडून वाचून घेतलं होतं, अप्पा. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

म्हणजे तारा रोज डबा घेऊन यायची तेव्हा तो फोटो बघत होती. समजून. मी हसतोय त्यात.

साहेब म्हणाले, गंमत असते हो त्या काळची.

मी फोटो उतरवला. कार्ड त्यांच्या हातात परत दिलं. लुगडं मिळणार नाही, म्हटलं. आणि इथून पुढं खालची ओळ मला वाचून दाखवल्याशिवाय या दुकानात पट्टी कापली जाणार नाही. कुणाचीच.