मागावर निघालेले मामा

जगात कुठलीही गोष्ट उगाच होत नाही, यावर परमेश्वराच्या खालोखाल कुणाचा ठाम विश्वास असेल, तर तो माझ्या बायकोच्या मामांचा. अंगणात झाडाचं पान पडलं तर ते आजच का पडलं आणि आपल्याच अंगणात का, याचा विचार केल्याशिवाय मामा ते झाडू देत नसत. ऐंशीच्या दशकात मी नाशिकहून सिल्व्हासाला नोकरीसाठी आलो, तेव्हा गावात कारखान्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. खडोलीच्या एका सुताच्या कारखान्यात मामा स्टोअरकीपर होते. मूळचे अमळनेरकडचे, आता आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहणारे. पहिल्या भेटीत मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "जावईबापू, इतक्या लांब नोकरी का बरं धरली? नाशकात काही झालं होतं का?" काही झालं नव्हतं, पण त्या नजरेसमोर मला उगाचच आठवून बघावं लागलं.

मामा बसत ते पहाऱ्याला बसल्यासारखे. आपण उठलो की मागे काहीतरी घडतं, अशी त्यांची पक्की समजूत होती, म्हणून ते होता होईतो उठतच नसत. स्टोअरमध्ये त्यांनी खुर्चीभोवती रॅक असे लावून घेतले होते की नटबोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत सगळं बसल्या जागी हाताला यावं. जे येणार नाही त्याच्यासाठी टोकाला आकडा केलेली सळई होती. घरीही तोच कारभार. पुढच्या खोलीत खिडकीशी नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची, डावीकडे पाण्याचा तांब्या, उजवीकडे रेडिओ, मांडीवर पाठ खाजवायचा लाकडी पंजा. कहर म्हणजे दाराची कडी. कारखान्यातली एक रिकामी बॉबिन चौकटीवर ठोकून तिच्यावरून त्यांनी कडीची दोरी थेट खुर्चीपर्यंत आणली होती. कोणी दार वाजवलं की आतून तीन प्रश्न येत: कोण, कुठून आले, काम काय? उत्तरं पटली तरच दोरी ओढली जाई. एकदा त्यांचा सख्खा भाऊ गावाहून आला. पहिल्या दोन प्रश्नांना त्याने चोख उत्तरं दिली, पण "काम काय?" याला बिचाऱ्याकडे उत्तर नव्हतं. मामी मागच्या दाराने येईपर्यंत तो पिशवी घेऊन पायरीवर बसून होता.

अशा माणसाचं चालणाऱ्यांबद्दल काय मत असणार? पुण्यामुंबईहून आलेले इंजिनिअर आणि मॅनेजर तेव्हा पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पहाटे फिरायला निघू लागले होते. मामा खिडकीतून त्यांच्यावर नजर ठेवत. "काम नाही, धंदा नाही, कुत्रं मागं लागलं नाही, तरी मानूस पळू राह्यला," ते मला खालच्या आवाजात सांगत, "म्हंजे याच्यामागं काहीतरी हाये." त्यातल्या एका गोऱ्यापान मॅनेजरवर त्यांचा विशेष डोळा होता. हा फिरत नाही, पावलं टाकून जमीन मोजतो, असं त्यांचं म्हणणं. दैवाची करणी अशी, की पुढे त्या मॅनेजरने जवळच्या खेरडी गावात खरोखरच आंब्याची वाडी घेतली. झालं! त्यानंतर कधीही व्यायामाचा विषय निघाला की मामा फक्त "खेरडी" एवढंच म्हणत आणि आपल्याकडे बघत राहत. मी स्वतः दोन घरांवर त्यांच्याकडे जायलाही स्कूटर काढत असे, त्यामुळे त्यांच्या लेखी नातेवाइकांत त्यातल्या त्यात सरळ मनाचा मीच होतो.

वजनाचंही तसंच. बस स्टँडवरच्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. जे यंत्र वजनाबरोबर भविष्य सांगतं ते दोन्ही बाबतींत थापा मारणार, हे उघड होतं. सुताच्या पेट्या तोलायच्या कारखान्यातल्या काट्यावर मात्र त्यांचा भरवसा, कारण त्या खोलीची किल्ली त्यांच्याच कमरेला असे. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की ते त्यावर उभे राहत. एका वर्षी मी तिथे हजर होतो. काटा शहाण्णव किलोवर गेला. मामा मुळीच विचलित झाले नाहीत. पेटी तोलताना आधी एकूण वजन घ्यायचं, मग त्यातून खोक्याचं आणि बॉबिनींचं वजा करायचं, उरेल ते खरं सूत, ही स्टोअरची रीत. त्याच रीतीने मामांनी स्वतःतून चपला वजा केल्या, किल्ल्यांचा जुडगा वजा केला, चष्मा, घामाने भिजलेला शर्ट, नुकतीच खाल्लेली शेवभाजी आणि शेवटी "हाडं" म्हणून एक ठोक आकडा. निव्वळ मामा अडुसष्ट किलो भरले. "आता सांगा, जास्तीचं कुठी हाये?" त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. वजाबाकीत चूक काढायला जागा नव्हती.

शरीर मात्र असले कागद वाचत नाही. एका उन्हाळ्यात मामांच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली आणि ती महिना उलटला तरी भरेना. नाक्यावरच्या गुजराती डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं, त्यात साखर निघाली. "मामा, दवा तो आपीश, पण चालवानुं. रोज चालवानुं," औषध देईन, पण रोज चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. बाहेर येताच मामांनी माझा दंड धरला. "दवाखान्याच्या बाजूले दुकान कशाचं हाये, पाहिलं का?" मी पाहिलं. चपलांचं होतं. खरं सांगतो, क्षणभर मलाही शंका आली. जखम पुढे कशीबशी भरली, पण डॉक्टरांनी मामींना आणि मला वेगळं बोलावून स्पष्ट सांगितलं की या खेपेला निभावलं. हे गृहस्थ असेच बसून राहिले तर पुढच्या खेपेला अंगठा जाईल, आणि ते अंगठ्यावर थांबेलच असं नाही. निघताना मामींनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून डॉक्टरांना काहीतरी विचारलं, डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मी तेव्हा स्कूटरची किल्ली शोधत होतो, नीट लक्ष दिलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

मामी बोलायच्या कमी. तीन प्रश्नांच्या घरात तीस वर्षं काढलेलं माणूस उत्तरं जपून वापरतं. त्यानंतर चार दिवसांनी पहाटे साडेपाचला मामींनी पदर खोचला, चपला घातल्या आणि त्या दाराशी गेल्या. "कुठी?" खुर्चीतून प्रश्न आला. "येते जरा," मामी म्हणाल्या. "जरा म्हंजे?" याचं उत्तर द्यायला मामी तिथे नव्हत्या. तासाभराने परतल्या त्या मेथीची जुडी घेऊन. भाजीवाली रोज दारावरून जात असताना एका जुडीसाठी तासभर? दुसऱ्या दिवशी पुन्हा "येते जरा", पुन्हा मेथी. तिसऱ्या दिवशी मामांनी मला बोलावून घेतलं, रेडिओ मोठा केला आणि कानाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, तुम्ही जरा हिचा माग काढा." मी पहिल्या पाळीचं निमित्त सांगितलं. खरी अडचण एवढीच होती की तो माग पायी काढावा लागला असता. मामांनी एक दीर्घ उसासा टाकला. "मंग मलेच उठावं लागीन," ते म्हणाले, आणि उठले.

पुढचं सव्वा वर्ष सगळ्या आळीने तो सोहळा पाहिला. पुढे मामी, पन्नास पावलं मागे मामा. हातात दुधाची बरणी, म्हणजे कोणी हटकलंच तर दूध आणायला निघालो म्हणायला मोकळे. मामी थबकल्या की मामा विजेच्या खांबाआड होत. खांब वीतभर रुंद, मामा शहाण्णव किलो. तेव्हा खांबच मामांच्या आड लपल्यासारखा दिसे. पांढऱ्या बुटांचे मॅनेजर आता त्यांच्याकडे संशयाने बघू लागले. "आपके मामाजी सीआयडी में थे क्या?" असं त्या खेरडीवाल्याने मला कारखान्याच्या दारात विचारलं, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. मामी मात्र एकदाही वळून बघत नसत. फक्त मागे मामांना धाप लागली, की नेमका त्याच वेळी मामींच्या चपलेत खडा जाई, आणि तो निघायला बराच वेळ लागे. शिवाय भाजीवाली दर महिन्याला बदलू लागली. आधी नाक्यावरची, मग त्याच्या पुढची, आणि शेवटी अथालच्या रस्त्याला मैलाच्या दगडापाशी टोपली घेऊन बसणारी एक म्हातारी. "पाला तोच, भाव तोच," मामा मला संध्याकाळी अहवाल देत. "मंग ही इतक्या दूर का जाऊ राह्यली? याच्यामागं काहीतरी हाये." काय आहे, ते मला एव्हाना कळलं होतं. मी गप्प राहिलो. संशय फिटला असता तर मामा पुन्हा बसले असते.

मामांची पँट सैल होऊ लागली. त्यांनी शिंप्याला जाऊन खडसावलं, की माप बदलून कोणाची पँट गळ्यात मारलीस? साखर उतरली. नमुन्याच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून त्यांनी वापीला जाऊन पुन्हा रक्त दिलं. तिथेही तेच. दसऱ्याला काटा ब्याऐंशीवर थांबला, तेव्हा मामांनी काट्याचीच तक्रार वर लिहून पाठवली.

आणि त्या हिवाळ्यात एका सकाळी मामी मैलाच्या दगडावर टेकल्या त्या उठल्याच नाहीत. मामा झाडाआड वाट बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग त्यांना उघडपणे रस्त्यावर यावं लागलं. "काय झालं?" मामी म्हणाल्या, "गुडघा." आणि मग, "तुम्ही दमले नाही ना?" भाजीवाल्या म्हातारीने रिक्षा थांबवली, मला निरोप आला, मी दवाखान्यात पोचलो. डॉक्टर मामींवर चिडले होते. "में तो पहले से ना बोला था. घुटना घसाई गयेला छे, तमारे चालवानुं नहीं. तोये सालभर चाल्या?" गुडघा झिजलाय, चालायचं नाही, हे त्यांनी मामींना तेव्हाच सांगितलं होतं.

मामा बाहेर बाकावर येऊन बसले. मी शेजारी बसलो. बराच वेळ त्यांनी काही विचारलं नाही, आणि मामांनी काही न विचारणं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. "हिले लंगडताना मी रोज पाहू राह्यलो होतो," शेवटी ते म्हणाले. "मले वाटलं, मी मागं हाये हे हिले समजलं. मले चकवायले लंगडते." मला त्यांच्याकडे बघवेना. दुधाची बरणी त्यांच्या मांडीवर होती. ती सव्वा वर्षात एकदाही भरली नव्हती.

तेव्हापासून घरातल्या जागा बदलल्या. नायलॉनच्या खुर्चीत मामी, दोरी त्यांच्या हाताशी. पहाटे मामा बरणी घेऊन निघत, दगडापर्यंत जाऊन पाल्याची जुडी आणत आणि दार वाजवत. मामी आतून तिन्ही प्रश्न विचारत. मामा तिन्हींची उत्तरं देत, "काम काय?" याचंसुद्धा, पण ते इतकं हळू देत की मला कधी ऐकू आलं नाही. मग कडी उचलली जाई.

पुढे माझी बदली झाली. सिल्व्हासा सोडायच्या आदल्या सकाळी मी अथालच्या रस्त्याने स्कूटरवर चाललो होतो, तर पुढे मामा दिसले. अंग बरंच उतरलं होतं, चाल चांगली सरावलेली. पण दर खांबापाशी ते थांबत आणि मागे वळून बघत. मला हसू आलं. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. मी स्कूटर त्यांच्या बाजूला नेली आणि विचारलं, "काय मामा, कोण आहे मागावर?"

"कोनी नाही," ते म्हणाले. पुन्हा एकदा त्यांनी मोकळ्या रस्त्याकडे वळून पाहिलं. "तेच पाहू राह्यलो."

मी स्कूटर बंद केली आणि ती ढकलत, मामांच्या थोडा मागून, दगडापर्यंत चालत गेलो.