एकमताने मंजूर

"मॅडम, तुम्हाला इथे बोलायला नाही बसवलेलं. कोरमला बसवलंय."

आमच्या संस्थेचे सचिव असं म्हणाले आणि टेबलाभोवतीची माणसं हसली. मोठ्याने नाही. शिकलेली माणसं हसतात तशी, चष्मा पुसत, फायलीत बघत. ॲपची माहिती द्यायला आलेल्या कंपनीच्या बाईसुद्धा हसल्या. मी कोण, हेही त्यांना माहीत नव्हतं.

मी फक्त एक प्रश्न विचारला होता. कॉलेजात हजेरीसाठी नवं ॲप येणार होतं. विद्यार्थ्याने वर्गात बसून आपल्या फोनला चेहरा दाखवायचा, की लागली हजेरी. एका फोनवर एकच विद्यार्थी. मी विचारलं, "एका घरात दोघं शिकणारी असली आणि फोन एकच असला तर?"

एवढंच.

कोरम म्हणजे सभा कायदेशीर ठरायला जितकी डोकी लागतात तितकी. मी त्यांतलं एक डोकं. डोक्याच्या आत काय आहे, ते कोणाला नको होतं.

डोंबिवलीतल्या या कॉलेजात मी सोळा वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकवतेय. तंत्रज्ञान समितीत आम्ही सात जण. समितीच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे कंसात काहीतरी आहे. भौतिकशास्त्र. वाणिज्य. ग्रंथालय. माझ्या नावापुढे आहे, मागासवर्गीय प्रतिनिधी. सातांत कॉम्प्युटर शिकवणारी मी एकटी. वाणिज्याच्या सरांना आपली फाइल कुठे सेव्ह झाली, ते दर वेळी मला फोन करून विचारावं लागतं. पण ते तज्ज्ञ. मी प्रतिनिधी.

त्या दिवशी मी गप्प बसले. कान तापले होते. पुढे कंपनीच्या बाई काय बोलल्या, एक शब्द आठवत नाही. मग रजिस्टर आलं.

आमच्याकडे सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच टाइप होऊन तयार असतं. 'सखोल चर्चेअंती एकमताने मंजूर.' चर्चा सुरू व्हायच्या आधीच ती सखोल होऊन गेलेली असते. शेवटी चहा येतो, रजिस्टर फिरतं, आणि एका हातात कप धरून सगळे दुसऱ्या हाताने सह्या करतात. वाचत कोणी नाही. मीही केली सही. हेच मला अजून सलतं. ते हसले, ती त्यांची लायकी. पण ते हसणं गिळून वर सही केली ती मी. माझ्या हाताने.

आमचे आप्पा आंबिवलीला कारखान्यात कामाला होते. अक्षर जोडून जोडून वाचायचे. कोणी कागद पुढे केला की म्हणायचे, "थांब. आधी वाचून दाखव." एकदा वाचलं की म्हणायचे, "परत एकदा." मग सही. साहेब वैतागायचे, पाळीतली माणसं टिंगल करायची. आप्पा ढिम्म हलायचे नाहीत. त्यांची मुलगी पीएच.डी. झाली आणि न वाचता सही करायला शिकली.

ॲप आलं. त्यातली हजेरी आम्हा शिक्षकांना दिसतच नाही, थेट ऑफिसात जाते. कोणी विचारलंही नाही की शिकवणाऱ्याला ती दिसायला हवी का. मी आपली जुन्या सवयीने वहीत हजेरी मांडत राहिले.

सत्र संपताना नोटीस बोर्डावर यादी लागली. हजेरी कमी असलेल्यांची. यांचे परीक्षेचे फॉर्म घेतले जाणार नाहीत. त्यात माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी होती. दिव्याहून यायची. रोज, पहिल्या बाकावर. तिची थोरली बहीण आमच्याकडेच तिसऱ्या वर्षाला. दोघींत फोन एक. त्यावर थोरलीचा चेहरा आधी नोंदवला गेला. धाकटी ऑफिसात दोनदा सांगून आली होती. "करू नंतर," असं उत्तर मिळालं होतं.

ती माझ्याकडे आली. रडली नाही.

"मॅडम, तुम्ही मला रोज बघता ना?"

"बघते गं."

"मग मी नव्हते असं कसं लिहिलंय?"

मी वही घेऊन प्राचार्यांकडे गेले. वहीत तिच्या नावापुढे ओळीने हजेरी होती. दोन खाडे, तेही तापाचे. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"मॅडम, कागद आता चालत नाही. हा समितीचा निर्णय आहे." मग त्यांनी ते रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "एकमताने. खाली सही कोणाची आहे, बघा."

माझी होती. पूर्ण नाव, ठसठशीत अक्षर. माझा प्रश्न मात्र त्या पानावर कुठे नव्हता. मी तो विचारलाच नव्हता असं ते पान सांगत होतं. आणि त्या पानाखाली मीच सही केली होती.

ती मुलगी परीक्षेला बसली नाही. घरात ठरलं, एकीनेच शिकायचं. थोरलीचं शेवटचं वर्ष, म्हणून धाकटी थांबली.

मी लेखी तक्रार केली. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणी थांबायची. दहा वर्षं जिच्यासोबत डबा खाल्ला ती मैत्रीण जिन्यात भेटली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "तुझं बरोबर आहे गं. पण मला यात ओढू नकोस हं, माझं प्रमोशन अडकलंय." ते एक वेळ समजू शकते. पण आमच्यातलेच एक सर, ज्यांच्यासोबत दर वर्षी मी जयंतीचा कार्यक्रम उभा केला, तेही म्हणाले, "मॅडम, इथवर यायला आपल्याला किती लागलं ते आठवा. जपून." आता मी लॅबमध्ये बसून डबा खाते. चाळीस बंद कॉम्प्युटर आणि मी. एकटं वाटतं. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी ऑफिसातले काका रजिस्टर घेऊन लॅबमध्ये आले. निवृत्तीला आलेला भला माणूस.

"मॅडम, सही द्या. आत्ताच घेऊन ठेवतोय सगळ्यांची. आता परीक्षासुद्धा त्याच ॲपवर घ्यायचीय. तपासणीवाले येणारेत, त्याच्या आत हे पूर्ण करायचंय."

"काका, सभा उद्या आहे ना?"

"हो, पण नेहमीसारखंच की."

"मग उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सातांतले दोघे रजेवर. कोरमला पाच लागतात, आणि आम्ही बरोबर पाच होतो. पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. सचिव मान वर न करता म्हणाले, "कोणाची काही हरकत? नाही. पुढे."

"माझी आहे."

सचिवांनी मान वर केली. मी म्हणाले, "मागच्या सभेत मी एक प्रश्न विचारला होता. तो लिहा. त्यावर तुम्ही काय बोललात, तेही लिहा. शब्दाला शब्द. एक मुलगी घरी बसलीय, तेही लिहा. आणि माझ्या नावापुढे माझा विषय लिहा. मग पुढे जाऊ."

"असलं काही इतिवृत्तात लिहीत नसतात."

"मग मी उठते."

"मॅडम, असं कसं? कोरम मोडेल!"

"तुम्हीच बसवलंय ना मला कोरमला?"

या वेळी कोणी हसलं नाही. त्यांनी लिहिलं नाही. मी उठले, दार लावून घेतलं. थेट लॅबमध्ये आले. मागून कोणी आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

ती मुलगी अजून घरीच आहे. माझी सही त्या पानावर अजून आहे, ती काही पुसली जाणार नाही. मला समितीतून काढतील, तर लेखी काढावं लागेल, आणि तो कागद मी वाचेन. परत एकदा वाचेन. तोवर प्रत्येक सभेला मी जाणार. पहिलाच विषय निघाला की तोच प्रश्न विचारणार. तो रजिस्टरात उतरेपर्यंत त्यांचा एकही निर्णय एकमताने होणार नाही.