एर्लेनबाख हे नाव कशावरनं पडलं?

पाहुण्यांची गाडी शाहूपुरीपर्यंत आली, असा लेकीचा फोन आला आणि मी पुन्हा तांबडा रस्सा चाखला. वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक मी एकटी हसत उरकते, पण त्या दिवशी मीठ घातलं की नाही तेसुद्धा आठवेना.

कारण माझे थोरले दीर. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. मुलीचे वडील गेल्यापासून उचगावच्या आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. आणि स्थळ बघताना आबांचा पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्या गावाचं नाव कशावरनं पडलं? पगार, जमीन, पत्रिका सगळं नंतर. ज्याला आपल्या गावाच्या नावाचं मूळ माहीत नाही, त्याच्या घरात पोरगी द्यायची नाही, हा त्यांचा कायदा. एका इंजिनियरला त्यांनी अर्ध्या पोह्यांवरून उठवलं होतं. आणि लेक म्हणत होती, आबा हो म्हणाले तरच लग्न, नाहीतर नाही. तीही त्यांचीच पुतणी!

मुलगा जर्मन. लेक तिकडे नोकरीला गेली, तिथेच दोघांचं जमलं. त्याच्या वडिलांच्या गाई आणि शेती एर्लेनबाख नावाच्या इवल्याशा गावात. आपल्याकडे वडगावं असतात तशी त्या नावाची गावं तिकडे बरीच आहेत म्हणे. हे त्यातलं शेंडेफळ. एक चर्च, चार गल्ल्या, पण कारभार स्वतंत्र. मी लेकीकडून सगळं पाठ करून घेतलं होतं. एर्ल म्हणजे ओढ्याकाठचं एक झाड, बाख म्हणजे ओढा. उत्तर तयार होतं. तरी घाबरत होते.

पाहुणे आले. मुलाचे वडील उंच, लालबुंद, डोक्यावर कापडी टोपी. आबांनी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, बसवलं, आणि चहाच्या आधीच तोफ डागली.

"पावणं, गाव कुठलं? तालुका कुठला? आन् नाव कशावरनं पडलं?"

जर्मनमध्ये सांगताना लेक तालुक्यापाशी जरा अडखळली, पण निभावलं तिने. ते सांगत गेले, ती मराठीत सांगत गेली. पूर्वी ओढ्याच्या दोन्ही काठांना एर्लांची दाटी होती, मुळं थेट पाण्यात. पहिली घरं बांधली ती त्यांच्या आडोशाला. ते लाकूड पाण्यात कुजत नाही, म्हणून पुलाचे खांबही त्याचेच. आबा मान डोलवायला लागले. मला तर टाळी वाजवावीशी वाटली!

"आता हायत का ती झाडं?" आबांनी विचारलं.

हे आमच्या तयारीत नव्हतं. मुलाच्या वडिलांनी टोपी काढून हातात धरली आणि खाली बघत ते काहीतरी बोलले. लेक माझ्याकडे बघायला लागली.

"आईकडं नगं बगू," आबा म्हणाले. "त्येनी काय सांगितलं, त्ये सांग. जसंच्या तसं."

"न्हाईत म्हणत्यात, आबा. ओढा सरळ केला तवा बरीच गेली. ऱ्हायलेली त्यांनी सोता तोडली. गाईंच्या मक्यासाठी."

गेलं लग्न! एवढा खरं बोलणारा माणूस मला त्या क्षणी अजिबात आवडला नाही. दोन झाडं खोटी उभी केली असती तर काय बिघडलं असतं?

आबांनी मात्र पाहुण्यांना उठवलं नाही. आमचं मूळ गाव जयसिंगपूरच्या पलीकडे, बोरीच्या झाडांवरून नाव पडलेलं. येणाऱ्या प्रत्येक स्थळाला आबा तिथल्या बोरींचं असं वर्णन ऐकवायचे की समोरच्याच्या तोंडाला पाणी सुटावं. लग्न होऊन आले तेव्हा मीही तिथे जाऊन त्या बोरी शोधल्या होत्या. दिसला तो नुसता ऊस. विचारायची छाती झाली नाही.

"सांग त्येस्नी," आबा म्हणाले. आवाज कधी नव्हे तो बारीक. "आमच्यात बी बोर न्हाय ऱ्हायली. म्या तोडली. उसासाठनं."

लेकीने सांगितलं. मुलाच्या वडिलांची टोपी अजून हातातच होती. मग आबांनी खिशातून फोन काढला आणि जयसिंगपूरच्या भाच्याला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

"आरं, फेटा घिऊन ये की लगोलग! आमचं व्याही आल्यात, आन् उघड्या डोक्यानं बसल्यात!"