मामीने पोट शिवून घेतलं तेव्हा

आमच्या मामीच्या पोटात कुठलीही गोष्ट राहत नाही. दुसऱ्याची तर नाहीच, स्वतःची त्याहून नाही. मंठ्याच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. गळ्यात टेप अडकवून समोरच्या बाईचं माप घेता घेता ती स्वतःची साखर किती वाढली, मामांनी सकाळी कुठल्या भाजीला नाक मुरडलं, थोरल्या जावेशी कशावरून बिनसलं, हे सगळं सांगून मोकळी होते. त्यामुळे मोठ्या शहरातल्या बायका जे ऑपरेशन 'माहेरी गेले होते' असं सांगून गुपचूप उरकतात, ते मामीने लग्नाचं आवतण द्यावं तसं गल्लीभर सांगून केलं. दुकानाच्या दारावर पाटीसुद्धा लावली होती: 'पोटाच्या ऑपरेशनमुळे शिलाई बंद.' मामा ती काढायला गेले तर म्हणाली, "राहू द्या. लोकं, मी मेले का जगले, विचारत बसतील, त्यापेक्षा हे बरं."

तसं या ऑपरेशनचं मूळ तिच्या चालण्यात होतं. साखर वाढल्यावर डॉक्टरांनी भीती घातली आणि मामीने नेसत्या साडीवर पांढरे बूट चढवून चालायला सुरुवात केली. अशी सुटायची की मामा मागून स्कूटरवर येऊन "अगं, परत फिर" म्हणत. वर्षभरात ती निम्मी झाली. वजन गेलं, पण पोटाचं कातडं मात्र जागच्या जागी लोंबत राहिलं. उन्हाळ्यात त्याच्या घडीत घामोळं उठून लाल व्हायचं. बाळंतपणात सैल पडलेले पोटाचे स्नायू पुन्हा जवळ आलेच नव्हते, त्यामुळे मशीनवर बसलं की कंबर धरायची. "माप उतरलं माय, पण कापड तेवढंच राह्यलं," ती मला म्हणाली. "आल्टर करावंच लागंल."

संभाजीनगरच्या सर्जनकडे तिला घेऊन मीच गेले होते. तपासणी होताच मामीने विचारलं, "डॉक्टरसाहेब, शिलाई वरून दिसंल का आतून घेणार?" डॉक्टर हसून म्हणाले, "आतून घेऊ. वर फक्त एक रेघ राहील, तीही परकराच्या नाडीच्या खाली." "अन् बेंबी?" "तिला नवीन जागा करावी लागेल." "म्हंजे काज करायचं," मामी म्हणाली. "मधोमध घ्या बरं. तिरकं काज मला बघवत न्हाई."

या सगळ्याला विरोध होता तो एकाच माणसाचा, मामीच्या एकुलत्या एका लेकीचा. ती पुण्याला नोकरी करते. "या वयात पोट कमी करायला ऑपरेशन? काही बरंवाईट झालं म्हणजे?" म्हणून तिने फोनवर खूप आदळआपट केली आणि मग फोनच बंद केले. मामी जगाशी बोलत होती, पण लेकीचा विषय निघाला की सुई ओवायला घ्यायची.

ऑपरेशन झालं आणि मामी घरी आली ती कमरेत वाकून, जमिनीवर पडलेलं काही शोधत असल्यासारखी. पोटाला घट्ट पट्टा, आणि आत साचणारं पाणी बाहेर यावं म्हणून दोन्ही बाजूंनी दोन नळ्या. त्या नळ्यांच्या डब्यांसाठी तिने आधीच दोन बटवे शिवून ठेवले होते, गाऊनच्याच कापडाचे आणि वर लेस लावलेले. पाठ टेकून सरळ झोपायची मनाई होती, म्हणून मामांनी ओळखीच्या सलूनमधून दाढी करायची जुनी खुर्ची आणली, कळ दाबली की मागे झुकणारी. बैठकीच्या मधोमध त्या खुर्चीत, गुडघ्यांखाली उशी घेऊन, मामीचा दरबार भरू लागला. शेजारच्या शबानाभाभी रोज सूप घेऊन येत आणि दारातूनच विचारत, "आज कितना सीधा हुआ?" मामी मान किंचित उंचावून दाखवी.

सगळ्यात कठीण पथ्य हसण्याचं होतं. हसलं की टाक्यांवर ताण. आणि नेमके याच दिवसांत, आयुष्यात कधी विनोद न केलेले आमचे मामा विनोदी झाले. भेटायला आलेल्या एक बाई हळहळल्या, "किती वाकून चालायला लागतंय बिचारीला." मामा गंभीरपणे म्हणाले, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्यासमोर वाकली." मामीने उशी पोटावर घट्ट दाबली, डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, बाहेर जा तुम्ही," ती कशीबशी म्हणाली, "टाके तुटले तर तुम्हालाच घालावे लागतील." मामांना आपल्यातल्या या गुणाचा इतका आनंद झाला की नंतर पाहुणे आले की ते स्वतःहूनच ओट्यावर जाऊन बसत. आतून मामी ओरडून विचारी, "काही सुचलं तर न्हाई ना?"

मग नळ्या निघाल्या आणि एका दुपारी मामी गप्प झाली. पोटाची डावी बाजू फुगली होती, अंगात कणकण होती. दरबारात कुणीच नव्हतं. ती माझा हात धरून म्हणाली, "पोरगी बराबर बोलत होती का गं? हौसेपायी मी काही भलतंच तर करून न्हाई बसले?" मी ओट्यावर जाऊन तिच्या लेकीला फोन लावला. ती भांडली नाही, फक्त म्हणाली, "मी निघतेय." आम्ही गाडी करून संभाजीनगर गाठलं. डॉक्टरांनी सुईने साचलेलं पाणी काढलं, औषध बदललं आणि घाबरण्यासारखं काही नसल्याचं सांगितलं. रात्री बाहेर आलो तर बाकावर लेक बसलेली, पुण्याहून थेट तिथेच आलेली. मामीला पाहताच ती उठली आणि रडत म्हणाली, "आई, किती वाकलीस गं." मामी म्हणाली, "दिसतंय तेवढं दुखत न्हाई. तू जेवलीस का?"

पुढे मामी सरळ झाली, पट्टा सुटला, दुकान उघडलं. उन्हाळ्यात पहिल्यांदाच घामोळं आलं नाही म्हणून तिने गल्लीत पेढे वाटले. त्याच उन्हाळ्यात लेक सुट्टी काढून पुन्हा आली. एका दुपारी मामी पलंगावर लवंडली होती. लेक आली आणि लहानपणी निजायची तशी आईच्या पोटावर डोकं ठेवून आडवी झाली. बोलता बोलता तिला झोप लागली. मामी माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "मला काहीच कळून न्हाई राह्यलं गं. डोकं हाये का उशी हाये, समजंना." पोटाच्या खालच्या भागाला संवेदना यायला वेळ लागेल, काही ठिकाणी कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर बोलले होते, ते मला आठवलं. "उठवू का तिला?" मी विचारलं.

"राहू दे," मामी म्हणाली. मग तिने हात उचलून लेकीच्या केसांवर ठेवला, आणि बराच वेळ तो तसाच ठेवून पडून राहिली.