नुसता नंबर

चाकणच्या कंपनीत माझा आवाज कुणाला ठाऊक नाही. मशीनपुढं कोण बोलणार? पण सुट्टीच्या दिवशी मी बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या धावपट्टीवर, माइक धरतो, तेव्हा पार तळेगावपर्यंतचे लोक मला आवाजावरून ओळखतात. गाडा सुटायच्या आधी मालकाचं, त्याच्या वडिलांचं, बैलांचं नाव जागच्या जागी यमकात गुंफून पुकारायचं, हे माझं काम. मालक ते ऐकल्याशिवाय गाडा सोडत नाही. शर्यत काही सेकंदांची. पुकारलेलं मात्र गावात वर्षभर बोललं जातं.

पूर्वी यात्रा गावाच्या वर्गणीतून व्हायची, त्यामुळे मी कुणाचा मिंधा नव्हतो. पुढं पक्ष फुटला आणि गावाचीही दोन शकलं झाली. आता मंडप, बक्षिसाची मोटारसायकल, माझा माइक, सगळं एकाच नेत्याचं. वर्गणी द्यावी लागत नाही म्हणून गाव खूश. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू!

यंदा यात्रेच्या सकाळी कमिटीतला एक जण चिठ्ठी घेऊन आला. दुसऱ्या गटात गेलेल्या एका म्हाताऱ्या गाडामालकाचं नाव तीवर होतं.

"भाऊ, ह्यांचा गाडा पळंल. पण नाव न्हाई घ्यायचं. नुसता नंबर पुकारा."

"आन् घेतलं तर?"

"तर काय न्हाई," तो हसला. "पुढच्या साली दुसरा कुणी पुकारंल."

मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

दुपारी म्हाताऱ्यानं बैल जुंपले आणि तो मंचाकडं बघत राहिला. त्याचं नाव माझ्या ओठांवर होतं, यमकासकट. मी म्हणालो, "चौदा नंबर." तो थांबलाच. मी पुन्हा म्हणालो, "चौदा नंबर, गाडा सोडा." त्यानं मान खाली घातली आणि हातानं खूण केली.

बैल असे पळाले की दिवसभरात सगळ्यांत कमी सेकंद त्यांचेच भरले. "चौदा नंबर पहिला," मी म्हणालो. मला वाटलं होतं, मी गिळलेलं नाव घाट ओरडून घेईल. हजारो माणसं होती, बहुतेक सगळी त्याला ओळखणारी. गुलाल उधळला, शिट्ट्या वाजल्या, पण नाव एकानंही घेतलं नाही.

दिवस मावळायच्या आत मला आणखी तीन घाटांवरून बोलावणी आली. "तुम्ही सांगितलेलं ऐकता म्हणे," एक जण म्हणाला. मी तिन्ही तारखा दिल्या.