दोन मेहुणे एका फोटोत

निघताना गाडीत सगळ्यांत आधी बसला तो ट्रायपॉड. मागच्या सीटवर, आडवा, पट्टा लावून. माझी मुलगी ईशा त्याच्या शेजारी अंग चोरून बसली आणि म्हणाली, "बाबा, ह्याला पाय पसरायला जागा आहे, मला नाही." पुढे माझी बायको सुनंदा, तिच्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग.

"जरा सांभाळून धर गं," मी म्हणालो.

"ईशा एवढीशी होती तेव्हा तिला तरी कधी इतकं जपून धरायला सांगितलंत का?"

नाशिक ते दिंडोरी हा काही वर्णन करून सांगावा असा प्रवास नव्हे. लोक तो रोज डबा घेऊन करतात, मीही सासरवाडीला म्हणून कितीदा केलाय. पण या वेळी मी जावई म्हणून नाही, फोटोग्राफर म्हणून निघालो होतो. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला एक तरी छंद असावा, असं वाटून मी कॅमेरा घेतला होता आणि तीन-चार महिने मोबाइलवर शिकवण्या बघून चांगलाच तयार झालो होतो. कॉलनीतली एकही कुंडी मी सोडली नव्हती. त्यामुळे सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी पाहुण्या कलाकारासारखा होकार देऊन टाकला.

"जावईबापू, तुमच्याकडं मोठा कॅमेरा आलाय म्हणं," त्या म्हणाल्या होत्या. "माझी दोन्ही पोरं एका फोटोत काढून द्या. बाकी मला कायबी नको."

पोरं म्हणजे माझे दोन मेहुणे. थोरले वसंतदादा आणि धाकटा बाळू. दोघांनाही नातवंडांची चाहूल लागलेली. दोन वर्षांपूर्वी बाळूने आपल्या वाटणीतली, माझ्या सासऱ्यांच्या हातची जुनी द्राक्षबाग उपटली आणि नवीन जातीची लावली. दादांनी आपली तशीच ठेवली. जुन्या वेली ट्रॅक्टरने ओढून काढताना दादा बांधावर उभे होते म्हणे. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. एक फोटोच्या चौकटीत आला की दुसऱ्याला विहिरीवरची मोटार बंद करायची आठवण होते. घरातल्या सगळ्या मोबाइलांनी हात टेकले, तेव्हा सासूबाईंना मी आठवलो. कारण आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. त्याच्यावर आवाज चढवत नाहीत आणि त्याच्या ताटातली वाटी रिकामी ठेवत नाहीत. या सवलती मी पंचवीस वर्षं मनसोक्त वापरल्या आहेत.

म्हसरूळ सोडल्यावर मिसळीला थांबलो. नाशिककर सकाळी घरातून निघाला आणि मिसळ न खाता पुढे गेला, तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. लाल रस्सा, वर भाजका पापड, बाजूला दही, खिडकीतून तिरपं कोवळं ऊन. मी खुर्चीवर उभं राहून, मग वाकून, मग पापड फिरवून फोटो काढले. ईशाने शेजारच्या टेबलाकडे असं तोंड फिरवलं, जणू ती त्यांच्यासोबत आलीय. वाढणाऱ्या मामांनी माझ्या ताटलीकडे पाहिलं.

"साहेब, दुसरा गरम रस्सा आणू का? ह्याचं फोटोतच काम झालं."

दिंडोरीच्या पुढे गाडी गावाच्या रस्त्याला लागली. मी मनात चित्र पक्कं करून ठेवलं होतं: जानेवारीची स्वच्छ हवा, हिरवागार मांडव, लोंबणारे घड, मध्ये सासूबाई, दोन बाजूंना दोन लेक. वळण घेतलं आणि दादांची बाग दिसली. मांडव होता, पानं होती, पण द्राक्षं कुठेच नव्हती. त्यांच्या जागी सबंध बागभर वर्तमानपत्रं लोंबत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"पेपर लावलेत," सुनंदा शांतपणे म्हणाली. "मण्यात पाणी उतरायला लागलं की घड कागदात गुंडाळतात. नाहीतर मणी गुलाबी पडतात. दर वर्षी लावतात. तुम्ही दर वर्षी येता."

तर तेही खरंच. पण दर वर्षी मी ओट्यावरून ताटापर्यंतच जात होतो.

सासूबाई ओट्यावर वाट बघत होत्या. इरकली लुगडं, डोक्यावर पदर, आणि तोंडावर परीक्षेचा निकाल लागायचा आहे असा भाव. त्यांचा सकाळचा चहा थोरल्याकडे असतो, दुपारचा समोरच धाकट्याकडे. मधला रस्ता त्या एकट्याच ओलांडतात. त्यांनी माझा हात धरून हळूच विचारलं, "व्हईल ना?"

"म्हणजे काय! तुम्ही फक्त उभ्या राहा," मी म्हणालो.

दादा पांढऱ्या टोपीत तयार झाले. बाळूला मी स्वतः जाऊन बोलावलं. तो जॅकेट घालून आला, कारण दाजींनी बोलावलं होतं. येताना बहिणीला म्हणाला, "ताई, विचार तुझ्या भावाला, कुठं उभं राहू?" दादा तिथेच चार हातांवर होते. तेही बहिणीलाच म्हणाले, "त्याला सांग, वेलीला टेकू नको म्हणावं."

मांडवाखाली उजेड मात्र झकास होता, पानांतून गाळून आल्यासारखा. मी ट्रायपॉड रोवला, कॅमेरा चढवला, डोळा लावला. मधोमध सासूबाई. डावीकडे दादा, दूरच्या डोंगराकडे बघत. उजवीकडे बाळू, आणि त्याच्या व आईच्या मधून भरलेली बैलगाडी जाईल एवढी जागा.

"बाळू, जरा आत ये."

तो बोटभर सरकला. दादा तेवढेच बाहेर सरकले. असे तीन-चार फोटो काढले. प्रत्येकात सासूबाईंची मान दादांकडून बाळूकडे, बाळूकडून दादांकडे. फोटोसाठी उभी राहिलेली ती बाई एका लेकाला डोळ्याने इकडे ओढत होती आणि दुसऱ्याला तिकडे.

मी ठरवलं, आपण समोर उभे असलो की माणसं आखडतात. कॅमेऱ्याला आपोआप एकामागून एक फोटो काढायला लावायचं आणि आपणही जाऊन उभं राहायचं. बटण दाबलं, पळालो आणि पळता पळता पाहिलं की सासूबाईंच्या बरोबर डोक्यामागे टक्कल घालवणाऱ्या तेलाची जाहिरात लोंबतेय. हा फोटो पुढे भिंतीवर जन्मभर राहायचा! मी सरळ मागे गेलो, तो कागद उतरवला, शेजारचे आणखी दोन उतरवले. आत घड होते, काय सुंदर होते! फक्त मण्यांवर धुरकट पांढरा थर होता. धूळ असणार. मी खिशातून लेन्स पुसायचं मऊ फडकं काढलं आणि घड पुसायला घेतला. मणी आरशासारखे चमकू लागले.

"ओ दाजी! हात नका लावू!"

दोन्हीकडून एकाच वेळी आवाज आला. दादांनी माझा डावा हात मनगटापाशी धरला, बाळूने फडक्यासकट उजवा.

"अहो, पुसता काय भांड्यावानी!" दादा ओरडले. "ती धूळ नाय, पावडर हाय मण्यावरची. ती गेली की व्यापारी म्हणतो माल शिळा!"

"आन् परवा येणार हाय ना तो माल बघायला," बाळू म्हणाला. "लय वाट लावली दाजींनी. पहिल्याच वेलीवर!"

"पहिल्याच वेलीवर!" दादा म्हणाले.

"दादा, हा घड काढूनच टाक. तो आला की आधी ह्याच्यावरच नजर जाईल."

"तूच काढ. कात्री तुझ्या खिशात हाय."

बाळूने कात्री काढली. मग तो थांबला. दादाही थांबले. माझे हात अजून दोघांच्या ताब्यात होते, त्यामुळे मलाही थांबणं भाग होतं. मांडवाखाली फक्त कॅमेऱ्याचा आवाज येत होता, खटक, खटक.

"जावयाला दरडावता व्हय रे, मेल्यांनो!" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांना पुढचं बोलता येईना. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसत होत्या की सुनंदाने त्यांना मागून धरलं. मग बाळू हसला. दादांनी टोपी सारखी केली, आणि मग तेही.

दुपारी दादांच्या ओट्यावर शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या तिखट रश्शातल्या वळ्या) आणि भाकरी. बाळू जेवायला थांबला. दोघांनी गळाभेट घेतली, डोळ्यांत पाणी आलं, असं काही घडलं नाही. व्यापाऱ्याबद्दल दोन वाक्यं झाली, मग बाळूने नव्या जातीला लागणाऱ्या औषधाची तक्रार केली आणि दादा म्हणाले, "येतो उद्या बघाया." सासूबाईंनी माझ्या वाटीत न विचारता आणखी रस्सा ओतला.

जेवण झाल्यावर मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले. आधीच्या चांगल्या, नीट उजेडाच्या फोटोंवर सासूबाईंचं बोट थांबलंच नाही. ते थांबलं मनगटं धरलेल्या फोटोवर. त्यात दादांची टोपी वाकडी, बाळूचं तोंड उघडं, सासूबाई अर्ध्या पदराआड, आणि मधोमध मी, फडकं हातात, पाकीट मारताना सापडल्यासारखा. फोकस एका वर्तमानपत्रावर.

"हाच," त्या म्हणाल्या. "मोठा करून द्या."

"आजी, बाबांना कॉम्प्युटरवर पुसून टाकता येतं," ईशा म्हणाली. "मग फक्त तू आणि मामा."

सासूबाईंनी फोटो पुन्हा नीट पाहिला.

"नको गं. तुझ्या बापाला काढलं तर ह्यांचे हात कुठं ठेवायचे?"

नाशिकला परत येताना म्हसरूळ आलं. मग सुनंदा समोर बघतच म्हणाली, "फोटो चांगला काढलात." मी नम्रपणे मान हलवली. कोणताही अनुभवी फोटोग्राफर अशी संधी सोडत नाही.

छपाईच्या दुकानातल्या माणसानेही विचारलं, मधले गृहस्थ कापू का? मी नाही म्हणालो. फोटो आता सासूबाईंच्या खोलीत, दाराच्या समोरच्या भिंतीवर आहे. मी तो लांबून, जवळून, सगळ्या बाजूंनी बघितलाय. त्यात दोन भावांमधलं अंतर बरोबर माझ्याएवढं आहे. आणि डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलंच आहे.