मिरचीची पोती, दोन पाव्हणे आणि फणसवाडीचं ऊन

सगळ्यात आधी टपकले ते नेपाळचे साहेब. आठ म्हणजे आठला लालबागच्या आमच्या चाळीच्या जिन्यात हजर, आणि माझी पोती अजून बांधायची होती. मागून श्रीलंकेच्या बाई आल्या, हातात फुलं घेऊन. मला शेवटची फुलं कोणी दिली आठवत नाही. आमचे हे तर गजरासुद्धा विसरायचे. असो.

हे पाव्हणे माझ्या नातीचे, सायलीचे. तिचं ऑफिस लोअर परळला, आमचे हे कामाला होते त्या गिरणीच्या जागेवर. तिथे शेजारचे देश बसून एकमेकांच्या मालावरची जकात उठवायचं बोलतायत. गाडी अडलीय वेलचीवर. सायली म्हणाली, आजी, यांना तुझ्याबरोबर गिरगावला नेऊ, डोकी जरा हलकी होतील. मी म्हटलं चला, पोती उचलायला माणसं झाली.

कारण मीही बोलणी करायलाच निघाले होते. गिरण्यांच्या संपात हे घरी बसले तेव्हापासून चाळीतली आमची नऊ घरं मसाल्यावर चालली. पुढे चाळीमागच्या दुसऱ्या गिरणीच्या जागी टॉवर आला आणि आमच्या गच्चीवरचं ऊन त्याने खाल्लं. लालबागला मसाला कांडायचे डंक आहेत, पण ऊन नाही. गिरगावात फणसवाडीला माझी मैत्रीण सुमन राहते, तिच्या चाळीला ऊन आहे, डंक नाही. म्हणून मिरची तिकडे वाळते, इकडे कांडली जाते. मग तिच्या चाळीच्या कमिटीने आमच्या पोत्यांवर गच्चीभाडं लावलं. आम्ही कसल्या गप्प बसतो, आमच्याकडे विकायला येणाऱ्या त्यांच्या पापडवाल्यांकडून गेटवर पैसे घ्यायला लागलो. यंदा त्यांनी गच्चीच बंद केली. या आठवड्यात मिरची वाळली नाही तर नऊ घरांच्या वर्षाच्या ऑर्डरी बुडणार.

जाणाऱ्यांनी टॅक्सी करावी, बसमध्ये पोती घेत नाहीत. पोत्यांचे किती ते बसायच्या आधी ठरवा. आमचा टॅक्सीवाला चिंचपोकळीला शिंकायला लागला तो ऑपेरा हाऊसपर्यंत. ठाकूरद्वारला उतरून पियूष प्यायलो. बाईंनी दोन घेतले. वाटेत साहेबांना मी मिरचीचं सगळं शिकवलं. चप्पल काढून जायचं, दुपारी बाराला परतायची, नाहीतर खालची बाजू काळी पडते.

गच्चीवर सुमनने खडूने रेघ मारली होती. अलीकडे त्यांची मिरची, पलीकडे रिकामं. पाव्हणे बघून तिने आजचा दिवस पसरायला दिलं, पण अट घातली.

"ऊन आमचं आहे, इंदू. मसाल्यावर नाव फणसवाडीचं लागेल."

"आणि कांडतं कोण? तुझं ऊन?"

साहेबांनी लगेच डायरी काढली. म्हणाले, आमच्याकडे वेलचीवरून हाच वाद बारा वर्षं चाललाय, माल कुठल्या देशाचा धरायचा. नियम म्हणतो, जिथे तो मुळातून बदलतो तिथला. आता मिरची उन्हात बदलते की डंकात, यावर दोन तास गेले. मध्येच बाईंनी सायलीमार्फत विचारलं, वाऱ्याने मिरची रेघ ओलांडली तर ती कोणाची? अगदी गंभीरपणे. त्यावर सुमनच्या चाळीतल्या बायका अर्धा तास भांडल्या, बाईंनी दोन पानं लिहिली.

बारा वाजले. भांडणात उठलं कोणीच नाही. साहेबांना मात्र माझी शिकवणी आठवली. चप्पल काढून, काठी घेऊन त्यांनी मन लावून मिरची परतली. सगळी. दोन्हीकडची. आमची बेडगी, त्यांची संकेश्वरी, मधे रेघसुद्धा उरली नाही. वर तोच हात डोळ्याला लावला, मग बाई पदर नसल्याने आपल्या स्कार्फने त्यांना वारा घालत बसल्या.

मी ढिगाकडे बघितलं आणि हाताने बेडगी वेगळी काढायला लागले. सुमन एक मिरची उचलून उन्हात धरून बघत होती.

"आता काय निवडत बसायचं, गो?" ती म्हणाली.

"बस ना. पावसापर्यंत होईल."

ती हसली आणि खाली बसली. तिथेच ठरलं, एकच मसाला, पाकिटावर लालबाग आणि फणसवाडी दोन्ही नावं. गच्चीभाडं बंद, आमच्या गेटवरचे पैसेही बंद. कागदावर साक्षीदार म्हणून साहेबांची सही घेतली, डोळे मिटलेले असताना.

घरी आले तरी तळहात भगभगतायत. पण नऊ घरांची मिरची अजून चार दिवस फणसवाडीत उन्हात आहे, आणि ऊन कुणाचं ते ठरलेलं नाही, विचारतही नाही कोणी. पाव्हण्यांना कांडप बघायचंय. बुधवारी येतो म्हणालेत, दोघंही. नाकाला रुमाल बांधून या, एवढंच सांगितलंय.